गुळानंही साखर वाढते

आज आमच्या आमोणे गावात शेजारच्या मनीषाला फुलं माळली, म्हणजे डोहाळजेवणच. सातवा महिना. डॉक्टरांनी तिला गरोदरपणातला मधुमेह सांगितलाय, म्हणून तिच्या सासूबाई सुमनवैनींनी साखर टाळून गुळाचं मणगणं, चणाडाळीची खीर, केलं होतं.

विधवा म्हणून मी मागे, स्वयंपाकघराच्या दारात बसले होते. तिथूनच म्हटलं, "वैनी, गुळानंही साखर वाढते."

"एका वाटीनं काय होतंय गो? दोन जिवांची ती!"

"आणि ह्या सगळ्या शेजारणी आपापल्या गोडाची वाटी घेऊन आल्यात, त्याचं काय?"

माझे यजमान मधुमेहानंच गेले. तेव्हापासून मिळेल ते वाचते. आईची साखर वाढली की बाळ जास्त मोठं होऊ शकतं, बाळंतपण अडू शकतं, आईचा रक्तदाबही चढू शकतो. एवढं सांगितलं.

वैनींनी मग मणगण्याची वाटी माझ्या हातात देऊन सुनेला चण्याची उसळ वाढली. "बाळंत झाली की खाईल पोटभर," म्हणाल्या.

"आधी साखर तपासून," मनीषा हसली.

खरंय तिचं. बाळंतपणानंतर ही साखर बहुतेकदा उतरते, पण पुढे आईला मधुमेह होण्याचा धोका राहतो. बारशाच्या गडबडीत आईची तपासणी राहूनच जाते. तुमच्या घरी कुणी आठवणीनं केली होती का?