कुंकवाच्या आधीचा फोटो

सरोजिनी नगरच्या आमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये मराठी घरं मोजून सात-आठ. बाबा गेले तेव्हा मी शाळेत होते. आईला अनुकंपेवर त्यांच्याच खात्यात नोकरी मिळाली आणि आमचा क्वार्टर राहिला. या सात-आठ घरांतल्या बायका म्हणजे आईचं दिल्लीतलं माहेर. ऑफिसात दिवसभर हिंदी बोलून आलेली आई संध्याकाळी समोरच्या काकूंशी दारात उभी राहून तासभर मराठीत बोलायची, तेव्हा तिचा आवाजसुद्धा मोकळा व्हायचा.

कॉलेजात मी फोटोग्राफीच्या नादाला लागले. विद्यार्थ्यांसाठी कुठेही स्पर्धा निघाली की माझा फोटो तिथे हजर आणि पंधरा दिवसांनी नकारही हजर. मार्केटमधली गर्दी, मेट्रोच्या काचेतला चेहरा, कबुतरं. सगळे काढतात तेच मी काढत होते, आणि वर परीक्षकांना कळत नाही म्हणून चिडत होते.

मग कॉलेजच्या फोटोग्राफी सोसायटीने एका वृत्तपत्र-छायाचित्रकार बाईंना बोलावलं. पूर, दंगली, निवडणुका, सगळं पायी फिरून टिपलेल्या बाई. त्यांनी स्वतःचा एकही गाजलेला फोटो दाखवला नाही. न छापलेले दाखवले, आणि का छापू दिले नाहीत ते सांगितलं. म्हणाल्या, फ्रेम खरी असते, पण तिच्या आधी आणि नंतर काय झालं हे फक्त तुम्हाला ठाऊक असतं. मी भारावून गेले. वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या. रेघा मारायला काय जातं!

त्या जानेवारीत काकूंकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. आई दरवर्षी जायची. विधवेला कुंकू लावत नाहीत, पण तिळगूळ वाटायला, चहा गाळायला हात लागतातच. कुंकवाची वेळ झाली की ती आपणहून स्वयंपाकघराच्या दारात सरकायची. तिला कोणी जा म्हणत नसे, ये असंही म्हणत नसे. मला लहानपणापासून याचा संताप यायचा. आई म्हणायची, जाऊ दे गं, तेवढ्यासाठी सोन्यासारखी माणसं तोडायची का?

तेव्हा चालू असलेल्या एका स्पर्धेचा विषय होता ‘घर’. मी कॅमेरा घेऊन गेले आणि मला तो फोटो मिळाला. पुढे बायकांचे हात, बांगड्या, कुंकवाची कोयरी, आणि मागे दारात ताट धरून उभी असलेली आई, त्या हातांकडे बघणारी. बटण दाबतानाच कळलं की हा जिंकणार.

पुढच्याच मिनिटाला काकू कोयरी घेऊन उठल्या, सगळ्यांमधून वाट काढत दारापाशी गेल्या आणि म्हणाल्या, “पुरे झालं ताई तुमचं इथे उभं राहणं.” आणि त्यांनी आईला हळदीकुंकू लावलं. काकूंच्या सासूबाई उठून आत निघून गेल्या. कुंकू लावतानाचाही फोटो मी काढला, पण माझाच हात हलला. काकूंची पाठ आली, आईचा अर्धा चेहरा, तोही पुसट.

स्पर्धेला एकच फोटो पाठवायचा होता. मी पहिला पाठवला. नाव दिलं, ‘चौखट के बाहर’. आईला दाखवला नाही. सरप्राइज आहे म्हटलं. खरं म्हणजे ती नको म्हणेल हे मला पक्कं ठाऊक होतं.

परीक्षक त्याच बाई निघाल्या. शेवटच्या पाच जणांना त्यांनी एकेक करून बोलावलं. माझ्या फोटोकडे बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, “इसके बाद क्या हुआ?”

“कुछ नहीं,” मी म्हणाले.

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. पहिलं बक्षीस मला मिळालं.

प्रदर्शनाला आई ठेवणीतली साडी नेसून आली. सोबत काकूंना घेऊन. लेकीचं कौतुक दाखवायला तिला दुसरं कोण होतं? दोघी मेट्रोने आल्या होत्या, स्टीलच्या डब्यात माझ्यासाठी गूळपोळी होती. मी दाराशीच त्यांना अडवू शकले असते. नाही अडवलं. फोटो चांगला होता ना, मला तो दाखवायचाच होता. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा मीच, आणि वर छाती पुढे काढून उभी.

काकूंनी फोटो पाहिला. खालची पाटी वाचली. तिच्यावर मीच लिहिलं होतं की या बायका माझ्या विधवा आईला आपल्यात घेत नाहीत. पुढच्या हातांमध्ये त्यांचा हात होता, हिरव्या बांगड्यांचा, स्पष्ट ओळखू येणारा. त्या माझ्याशी बोलल्याच नाहीत. आईकडे वळून म्हणाल्या, “ताई, मी लावलं होतं ना?”

“लावलं होतं,” आई म्हणाली.

त्या एका कुंकवापायी काकूंनी घरात महिनाभर सासूबाईंचा अबोला सोसला होता. हे मला नंतर कळलं. आईला तेव्हाही ठाऊक होतं. मी दुसरा फोटो घेऊन त्यांच्याकडे गेले, रडले, पाया पडले. त्यांनी मला पाणी दिलं, तू अजून लहान आहेस म्हणाल्या आणि दार हळूच लावून घेतलं. फोटो तोवर मराठी मंडळाच्या ग्रुपवर फिरला होता. बाकीच्या बायकांनी आईला जाब विचारला नाही. फक्त बोलणं कामापुरतं झालं. त्या छायाचित्रकार बाईंना मी सगळं लिहून कळवलं, बक्षीस परत केलं. त्यांचं उत्तर आलं नाही. बरोबरच आहे, त्यांनी काय लिहायचं?

आई मला एका शब्दानेही रागावली नाही. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

पुढच्या जानेवारीत हळदीकुंकू पलीकडच्या ब्लॉकमध्ये होतं. आम्हाला बोलावणं नव्हतं. त्या दिवशी आई ऑफिसातून लवकर आली. सकाळीच किलोभर तिळगूळ करून ठेवला होता. चार वाजता तिने निळी साडी नेसली, केस विंचरले आणि फोन शेजारी ठेवून खुर्चीवर बसली. खालून बायकांचे आवाज गेले. मी म्हटलं, आई, चल, आपण बाहेर कुठेतरी जाऊ. ती म्हणाली, “थांब जरा. त्यांना चहाला हात कमी पडले तर बोलावतील.”

सात वाजता तिने साडी बदलली आणि कुकर लावला.