बकुळा मर्चंडेनं दुरुस्त केलेला डीबगर

१९९९ सालच्या ऑगस्टमध्ये हेरंब सरांनी आमच्या कॉम्प्युटरच्या खोलीच्या दारावर एक कागद चिकटवला. 'डीबगरमध्ये टाईप करताना दोनदा वाचा, मगच एंटर दाबा.' बकुळा मर्चंडेनं तो उभ्याउभ्या वाचला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "दुर्गा, चूक डीबगरची आणि नोटीस आपल्याला?"

आमचं ऑफिस लोअर परळला, एका बंद गिरणीच्या आवारात, पूर्वी जिथं सूत साठवायचे त्या गोदामात होतं. रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबसाठी आम्ही प्रोग्राम लिहायचो. हेरंब सर आमचे प्रमुख. मी गिरगावातून यायची, इंजिनिअरिंगची पदवी घेऊन. बकुळा गणितात बी.एस्सी. आणि दादरच्या एका क्लासचं सर्टिफिकेट. कागदावर मी तिच्या पुढे होते. कामात तिच्या पुढे कुणीच नव्हतं. हे तिला ठाऊक होतं, पण ते दाखवत बसायची तिला सवय नव्हती.

ती डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीत राहायची. तिचे वडील भिवा मर्चंडे गिरणीत रिंग खात्यात, सूत कातायला होते. ब्याऐंशीच्या जानेवारीत संप सुरू झाला तेव्हा बकुळा सातवीत होती. संप मिटलाच नाही, नुसता विरत गेला. गिरणीनं काहींना परत घेतलं, भिवांना घेतलं नाही. चाळिशीच्या माणसानं मग दादरला गुणाजी नावाच्या कारागिराच्या हाताखाली टाईपरायटर दुरुस्ती शिकून घेतली. तुटलेला धागा बघता बघता सांधणारी बोटं होती ती, वर्षभरात गुणाजीपेक्षा तयार झाली. दुरुस्त केलेली मशीनं घरी यायची आणि बकुळा त्यांच्यावर सगळी अक्षरं मारून बघायची. तिला कीबोर्डकडे बघावं लागायचं नाही, ते तेव्हापासून.

"बाबा गिऱ्हाइकाला एकच सांगायचे," तिनं मला एकदा सांगितलं होतं. "अक्षरांच्या दांड्या एकमेकींत अडकल्या तर ओढून सोडवू नका. अडकल्यात तशाच घेऊन या. कुठं अडकल्यात ते मला बघायचंय."

प्रोग्रामच्या चुका शोधणाऱ्या डीबगरचं काम नेमकं हेच. आमचा प्रोग्राम हजारो रिपोर्ट वाचत दोन-तीन तास चालायचा आणि मध्येच एखाद्या विचित्र रिपोर्टपाशी कोलमडायचा. डीबगरमधून चालवला, की तो कोलमडायच्या जागी जसाच्या तसा थांबून राहायचा. मग आपण टाईप करून एकेक विचारायचं. या नावाखाली आत्ता कोणता आकडा साठवलाय, इथवर आलो कुठून. उत्तरं मिळत जायची आणि चूक सापडायची. फक्त आम्ही वापरत होतो त्या डीबगरला एक खोड होती. विचारताना आपणच एखादं नाव चुकीचं टाईप केलं किंवा एक कंस विसरला, की तो स्वतःच मरायचा. थांबवून ठेवलेला प्रोग्रामही सोबत घेऊन जायचा. तीन तास पाण्यात. माझं चार वेळा झालं होतं, हेरंब सरांचं स्वतःचं दोनदा. दुसऱ्यांदा झालं त्याच दिवशी तो कागद लागला.

आम्ही प्रोग्राम लिहायचो ती भाषा मोफत होती, जगभरची माणसं मिळून ती चालवायची. तिचा डीबगरही त्याच भाषेत लिहिलेला होता आणि कुणालाही वाचता यायचा. बकुळानं त्याचे छापील कागद काढले, दोन दिवस डबा खाताखाता वाचले आणि हेरंब सरांपुढे जाऊन उभी राहिली.

"सर, एक आठवडा द्या. मी हा दुरुस्त करते."

"अगं, जगभरचे लोक वापरतात तो. त्यांना जमलं नसतं का?"

"जमलं असतं. कुणी बसलं नाही."

सर हसले. आठवडा मिळाला.

पाचव्या दिवशी तिचा डीबगर आमच्या मशीनवर आला. काहीही चुकीचं टाईप करा, तो मरत नव्हता. मुकाट्यानं पुढच्या प्रश्नाची वाट बघायचा. आम्ही खूश. तीन दिवस सुखात गेले.

चौथ्या दिवशी मी एका बाईच्या हिमोग्लोबिनचा आकडा का गायब होतोय ते शोधत होते. डीबगरला विचारलं, काहीच उत्तर आलं नाही. मी समजले, आकड्याची जागा रिकामी आहे. ती रिकामी का, ते शोधण्यात दुपार गेली. पाच वाजता लक्षात आलं की आकडा व्यवस्थित होता, मी नावातलं एक अक्षर गाळलं होतं. माझं डोकं फिरलं.

"बकुळा, पूर्वीचा मेला तर कळायचं तरी," मी तिच्या टेबलापाशी जाऊन म्हणाले. "तुझा हा गप्प बसून खोटं बोलतो."

ती उठून माझ्या मशीनशी आली, मी टाईप केलेली ओळ तिनं वाचली.

"माझी चूक," ती म्हणाली. "तुझी चूक मी पकडली आणि तुला सांगितलीच नाही. मरत नाही एवढ्यावरच खूश झाले मी."

मी तक्रार करायच्या आत ती स्वतःच सरांना सांगून आली, आणि आणखी चार दिवस मागून आली.

चूक नुसती पकडायची नाही, काय चुकलं ते लगेच दाखवायचं आणि मग पुढचा प्रश्न घ्यायचा, एवढं तर तिनं पहिल्याच दिवशी केलं. पण या वेळी तिनं प्रत्येक ओळ संशयानं वाचली आणि तिला आणखी एक भानगड सापडली. आमची भाषा शेवटी झालेली चूक एकाच जागी नोंदवून ठेवायची. प्रोग्राम कोलमडला की त्याची चूक तिथं असायची. आपण विचारताना चुकलो, की आपली चूक तिच्यावर येऊन बसायची आणि मूळची पुसली जायची. म्हणजे जी शोधायला आलो तीच गायब. बकुळानं प्रत्येक प्रश्नाआधी मूळची चूक बाजूला ठेवायची आणि प्रश्न संपला की परत जागेवर ठेवायची, अशी व्यवस्था केली.

"विचारणाऱ्याची चूक विचारणाऱ्यापाशी, प्रोग्रामची प्रोग्रामपाशी," ती मला म्हणाली. "सरमिसळ नको."

मग तिनं आम्हाला बोलावलं. "चुका करा," म्हणाली. मी शून्यानं भागून बघितलं, कंस अर्धे सोडले, नसलेली नावं विचारली. हेरंब सरांनी डोळे मिटून कीबोर्डवर दहा बोटं आपटली. दर वेळी काय चुकलं ते एका ओळीत यायचं आणि खाली पुढच्या प्रश्नाची जागा तयार. मूळची चूक विचारली तर तीही शाबूत. जाताना सरांनी दारावरचा कागद काढला, चुरगळला आणि खिशात टाकला.

बकुळानं ती दुरुस्ती भाषा चालवणाऱ्यांना ईमेलनं पाठवली. त्यांच्यातल्या एका अनुभवी माणसाचं उत्तर आलं, की डीबगर वापरणाऱ्यानं प्रश्न नीट टाईप करावा अशी अपेक्षा आहे.

"सोडून दे आता," सर म्हणाले. "आपलं काम भागलं ना?"

"आपलं भागलं, सर. पण तो म्हणतोय ते बरोबर नाहीये."

तिचं इंग्रजी साधं होतं, आणि तिला त्याचा संकोच नव्हता. तिनं लिहिलं, की डीबगरपाशी माणूस येतो तेव्हा एक चूक आधीच झालेली असते आणि तो गोंधळलेला असतो. तो पुन्हा चुकणार हे धरूनच हे हत्यार बनवायला हवं. सोबत अठरा चाचण्या पाठवते आहे, जुन्या डीबगरवर चालवून बघा.

बारा दिवसांनी उत्तर आलं. त्या गृहस्थानं चाचण्या चालवल्या होत्या. पहिल्याच चाचणीत त्याचा सकाळपासून थांबवून ठेवलेला प्रोग्राम गेला होता. 'तुमचं म्हणणं बरोबर आहे,' त्यानं लिहिलं होतं, 'दुरुस्ती घेतो आहे.'

पुढच्या मार्चमध्ये भाषेची नवी आवृत्ती आली. सोबत मदत करणाऱ्यांची यादी होती आणि तिच्यात 'बकुळा मर्चंडे'. त्या रविवारी तिनं मला घरी जेवायला नेलं. भिवाकाका दाराशीच होते. मी "जय भीम, काका" म्हटलं, तसे म्हणाले, "जय भीम. ये गो बाय, आत ये." जेवणं झाल्यावर बकुळानं यादीचा कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला, बोट फिरवत तिचं नाव शोधलं आणि बोट तिथंच ठेवलं.

"आणि ही बाकीची माणसं कोण?"

"माझ्यासारखीच, बाबा. त्यांनीपण काही ना काही दुरुस्त केलंय."

"भेटलीस कोणाला?"

"एकालाही नाही."

"न भेटता एकमेकांचं काम सुधारता?" त्यांनी कागद तिला परत दिला. "वाच. सगळी नावं वाच."

सत्तेचाळीस नावं होती. बकुळा खणखणीत आवाजात वाचत गेली. एकतिसाव्यापाशी अडली. स्वर कुठं आणि व्यंजन कुठं तेच कळेना. मी वाकून बघितलं, मलाही जमेना. दोघी हसायला लागलो आणि ती पुढच्या नावाकडे निघाली.

"थांब," भिवाकाका म्हणाले. "त्या माणसाला विचार, कसा उच्चार करायचा ते. काम केलंय त्यानं. नाव चुकीचं घेऊ नये."

सोमवारी ऑफिसात आल्याआल्या तिनं त्याला ईमेल केली.