जीव जातोय म्हणजे अतिशयोक्ती!

माझ्या सासऱ्यांना मी अर्धा तास चिखलात ठेवलं, आणि त्यामागचा माझा हेतू शुद्ध शैक्षणिक होता.

मी मुक्ताईनगरला मराठी शिकवतो. त्या दिवशी दहावीतल्या माझ्या लेकीला, गौरीला, अलंकार काही केल्या ओळखता येत नव्हते. दोन दिवसांवर चाचणी! तेवढ्यात नानांचा फोन आला. नाना म्हणजे सासरे. सोनगीरहून आले होते आणि सकाळीच एकटे आमची केळी बघायला गेले होते.

"जवाईबापू, मना पाय दगड व्हई गया!"

माझे डोळे चमकले. (शिक्षकाचे असेच चमकतात. घरच्यांना भीती वाटते.) मी फोन स्पीकरवर टाकला.

"गौरी, ओळख!"

"उपमा?"

"'दगडासारखा' म्हणाले का? पाय म्हणजेच दगड. रूपक! नाना, आणखी बोला!"

"आरे, हाऊ चिखल माले सोडी नही ऱ्हायना!"

"चिखल माणसासारखा वागतोय! चेतनगुणोक्ती!" गौरी ओरडली. पहिल्यांदाच बरोबर आलं होतं! मी टाळ्या वाजवल्या.

"जीव जाई ऱ्हायना मना!"

"अतिशयोक्ती!" आम्ही दोघं एका सुरात.

स्वयंपाकघरातून सुनीता धावत आली. "अहो, कसली अतिशयोक्ती? माझे वडील खरंच अडकलेत!"

मोटारसायकलवर शेत गाठलं. ठिबकची नळी फुटून केळीत नुसता राडा झालेला. नाना गुडघाभर रुतलेले, पायात गोळा आलेला. मी जोर लावून ओढलं. नाना बाहेर आले, बूट आतच राहिला आणि मी सपशेल पाठीवर आडवा!

नानांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. "माले वाटनं, कोणीच नही येत," ते हळूच म्हणाले. मला फार लाज वाटली.

घरी चहा पिताना त्यांनी विचारलं, "अलंकार म्हंजे काय शे हो?"

"भाषेचे दागिने, नाना."

"दागिना? मी त् चिखलमा व्हतू!"

गौरी चाचणीत पास झाली. परवा पुन्हा नानांचा फोन आला. "जवाईबापू, आधीच सांगस, हाऊ अलंकार नही शे. मी स्टँडवर उभा शे. लेवाले या."

आता तरी गप्प बसावं की नाही? "नाना," मी म्हणालो, "जे आहे ते हुबेहूब सांगणं, याला स्वभावोक्ती म्हणतात!"

नाना रिक्षा करून आले.