दह्यातला चुना

चांगुणाबाई, तुमची गोष्ट तुमच्या तोंडावर सांगायचं मला कधी जमलं नाही. म्हणून परक्या बाईची असावी तशी सांगते.

चांगुणाबाईचा नवरा भगवानराव पूर्णा जंक्शनवर गाड्यांचे रूळ बदलणारा पॉइंट्समन होता. दोन हजार पाच साली त्याला ऊन सोसेना, लाल-हिरवा दिवा सारखाच दिसू लागला आणि रेल्वेची डोळेतपासणी तर तोंडावर आलेली. परभणीचे डॉक्टर म्हणाले, "डोळ्यातल्या पेशीत कॅल्शियम धरणारं प्रथिन असतं. एन्झाइम कधी चालवायचं, कधी थांबवायचं, ते त्याच्या हातात. यांचं थांबतच नसावं, म्हणून पेशी मरताहेत. औषध नाही. हे घराण्यातून येतं."

चांगुणाबाईनं त्यातलं कॅल्शियम तेवढं उचललं. कॅल्शियम म्हणजे चुना! आधी गव्हाएवढा दह्यात कालवला, मग हरभऱ्याएवढा. भगवानरावाचं तोंड सोलून निघालं.

"अगं, बिघडलेत डोळे, तोंड कशाला जाळायलीस?"

"गपचीप गिळा. नोकरी गेल्यावर काय गिळताव?"

त्यानं गिळलं. तपासणीत नापास व्हायचा तो झालाच.

त्याच आठवड्यात मी शाळेत शिकवायची ती त्यांची नववीतली पंचशीला अंगणात कपाळावर हात आडवा धरून वाचताना दिसली. तिला परभणीला दाखवायचं चांगुणाबाईनं माझ्याशी पक्कं केलं. सोमवारी नवं लुगडं नेसून ती माझ्या दारात आली, पण एकटीच.

"बाई, नगं जाऊ. डॉक्टर बोलला की खरं व्हतंय."

आम्ही गेलो नाही. पुढच्या सोमवारीही नाही.