फोटो नको म्हणणाऱ्याचा फ्लेक्स

लोह्याच्या ग्यानोबाला येशू भेटला तो तुरीच्या रानात, हातात खुरपं असताना. त्याच्या बायकोला, पंचफुलाबाईला ते लगेच पटलं, कारण त्या दिवसापासून नवरा कमी बोलू लागला. देव असल्याचा इतका ठोस पुरावा तिला आधी कधी मिळाला नव्हता.

चर्चमध्ये पुढच्या खुर्च्या मोठ्या लोकांसाठी धरून ठेवतात, हे बघून ग्यानोबानं चर्च सोडलं. आपल्या पत्र्याच्या शेडात दर रविवारी माणसं जमवायची आणि तासभर गोणपाटावर गप्प बसायचं, एवढीच त्याची उपासना. पाया पडणं नाही, फोटो तर नाहीच. "फोटो लावला की हार येतो," तो म्हणायचा. "हारामागं नारळ. आन् नारळ फुटला की समिती येती."

तो गेला, समिती आली.

पहिल्या स्मृतिदिनाच्या आधी अध्यक्ष बालाजी दारात उभा. "काकू, काकांचा फोटो द्या. फ्लेक्स करून राहिलो."

"त्यांनी नको म्हणलं व्हतं की."

"तेच तर छापायचं हाय! फोटोखाली, मोठ्या अक्षरात : माझा फोटो लावू नका."

मरताना नवऱ्यानं तिच्याकडून हे एकच वचन घेतलं होतं. तिनं दार लावलं. बालाजीनं कुठून तरी आधार कार्डाची झेरॉक्स पैदा केली.

स्मृतिदिनाला शेडावर पंधरा फुटी फ्लेक्स झळकला. मधोमध ग्यानोबा, चोरी कबूल केल्यासारखा चेहरा करून. भोवती समितीचे अकरा पदाधिकारी, गॉगलसकट. लोक चपला काढून हार घालत होते. सचिव संगमेश्वर नारळ सोलत होता.

पंचफुलाबाई विळा घेऊन आली. तिनं दोऱ्या कापल्या, फ्लेक्स ओढत शेडात नेला आणि चेहरे वर करून भुईवर अंथरला.

"बसा. गोणपाटं फाटलीत."

कुणी हलेना. संताच्या अंगावर बसायचं कसं? मग तीच नवऱ्याच्या कपाळावर मांडी घालून बसली. "चाळीस वर्षं ह्यांच्या डोक्यावर बसले म्हणून समदे बोलतच व्हते."

एकेक जण टेकला. बाया पदाधिकाऱ्यांवर जरा जास्तच ऐसपैस बसल्या. बालाजी तेवढा उभा राहिला, कारण म्हातारे किशनराव नेमके अध्यक्षाच्या तोंडावर बसले होते.

"मामा, थोडं सरका ना. माझा चेहरा हाय."

"गप," पंचफुलाबाई डोळे मिटत म्हणाली. "उपासना चालू झाली."