पान्यावरचं कुंकू

फोन आला तेव्हा मी उल्हासनगरला, कॅम्प एकमध्ये, परकराचं कापड बघत होते. माझा धाकटा भाऊ दिनेश गेला, असं शेजारच्या वहिनी सांगत होत्या आणि मी त्यांच्यावरच खेकसले, "काहीतरीच काय बोलता!" बंदुकांच्या देशातून धडधाकट परत आलेला माणूस बदलापूरला, स्वतःच्या घरात, चहा पिता पिता जातो? पण गेला... मला अजून त्याचा राग येतो.

दिन्या अंबरनाथ एमआयडीसीत टेम्पो चालवायचा. तिथून एका मदतसंस्थेत ड्रायव्हर म्हणून लागला आणि युद्धातून पळालेल्या लोकांना औषधं पोचवायला परदेशी निघाला. "इथले खड्डे कमी पडले का रे?" म्हणून मी भांडले. आईने मात्र डोळे पुसत त्याच्या बॅगेत कुंकवाची पुडी ठेवली, दसऱ्याला गाडीची पूजा चुकवू नकोस म्हणून. तिकडून त्याचा पहिला फोन आला तो हसतच. "ताई, इकडेही कॅम्प एक, कॅम्प दोन असंच म्हणतात गं!" आपलं उल्हासनगरही निर्वासितांच्या कॅम्पांतूनच उभं राहिलं, हे तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं.

तो परत आला त्या वर्षी दसऱ्याला त्याने स्कूटर लख्ख धुतली, पण तिला कुंकू लावू देईना. नुसता पाना पाटावर ठेवून पुजला. आई चिडली. मी त्याला स्वयंपाकघरात गाठलं, "ही काय नवी थेरं?" त्याने दार लोटलं आणि हळू आवाजात सांगायला लागला.

तिकडच्या दसऱ्याला त्याने सवयीने गाडी सजवली होती. बॉनेटवर कुंकवाची बोटं, रंगीत कागदाची माळ. ती माळ नेमकी संस्थेच्या चिन्हावर आली. नाक्यावर बंदूकवाल्यांनी गाडी अडवली. हे लाल पट्टे कोणाचे? कुठल्या गटाची खूण? सोबतच्या डॉक्टरीणबाई परवाना दाखवत होत्या. औषधांची गाडी अडवायची नाही असा कायदा आहे, तुमच्याच वरिष्ठांची सही आहे, असं परोपरीने सांगत होत्या. कोण ऐकतंय! मागे बर्फाच्या पेटीत इन्सुलिन, वर ऊन तापलेलं. शेवटी त्यांचा म्होरक्या म्हणाला, माझी दोन माणसं गाडीत घ्या नि जा.

"मग घ्यायची ना!" मी म्हटलं.

"हत्यारासकट? ताई, एकदा बंदूक गाडीत बसली की ती गाडी त्यांची. उद्या समोरचे तिच्यावर गोळ्या झाडतील, आणि परवापासून कॅम्पमध्ये कोणाचीच औषधं जाणार नाहीत."

तो नाही म्हणाला. त्यांनी छातीला बंदुकीची नळी लावली. दिन्याने माळ तोडून टाकली, शर्ट काढला आणि त्यांच्यासमोर कुंकू पुसत बसला. पुसून जाईना... बॉनेट तापलं होतं, हात भाजत होते. खालचं चिन्ह स्वच्छ दिसायला लागलं, सगळे खोके उघडून झाले, तेव्हा कुठे सोडलं. तोवर बर्फाचं पाणी झालेलं. बरंचसं इन्सुलिन फुकट गेलं. त्याच आठवड्यात कॅम्पमधली एक म्हातारी गेली. तिचं दुखणं आधीच खूप वाढलं होतं, असं डॉक्टरीणबाईंनी त्याला कितीदा तरी समजावलं. पण याच्या मनातून ते गेलं नाही.

"आईला यातलं काही कळता कामा नये," तो म्हणाला. "कुंकू तिने दिलेलं."

परवाच्या दसऱ्याला आईने पूजेचं ताट माझ्या हातात दिलं. "त्याच्या स्कूटरला लाव. आता अडवायला आहे कोण?"

"पान्यालाच लावू या, आई. स्कूटरचा रंग जातो म्हणायचा."

"रंगाचं काय मेलं कौतुक!" ती पुटपुटली. तिला आता नीट दिसत नाही. मी तिचं बोट धरून पान्यावर नेलं. तिने कुंकू लावलं, आणि बराच वेळ त्या पान्यावरून हात फिरवत राहिली.

पेपर तिला मीच वाचून दाखवते. माझं हे लिहिलेलं ज्या पानावर छापून येईल, ते पान तेवढं वाचणार नाही.