राजुरीच्या देवळातली बैठक आणि अण्णांचं निर्णायक मत

नागरिकशास्त्र शिकवताना एका प्रश्नाशी माझी गाडी कायम अडायची: विधान परिषदेचा सभापती नेमकं करतो काय? राजुरीचे एक माजी आमदार सभापतींच्या गैरहजेरीत खुर्चीत बसून सभागृह चालवायचे, असं कळलं. एसटीडी बूथवरून फोन लावला. "उद्याच या. गावाची बैठक हाय, बघायला मिळंल," ते म्हणाले.

नाशिकहून सकाळची एसटी धरली. चंदनापुरी घाटात ट्रक अडकलेले, त्यामुळे आळेफाट्याला जेवायची वेळ झाली. तिथे मासवडी-भाकरी खाच. रस्सा जाळ असतो, दही मागून घ्या. पुढे राजुरीला जीप मिळते, पण भरल्याशिवाय हलत नाही.

बैठक देवळात होती. गावाच्या पाणीयोजनेतून टोकाच्या वस्तीला उन्हाळ्यात प्यायला सोडतात ते पाणी तोडून टोमॅटोला द्यावं, अशी मागणी. ती लावून धरली होती खुद्द अण्णांच्या धाकट्या भावाने, बबनरावांनी. अण्णा म्हणजे आपले माजी आमदार; बैठकीच्या खुर्चीत तेच होते, आणि भावाचं म्हणणं त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

वस्तीवरच्या सखूबाई बोलायला उठल्या, तोच बबनराव ओरडले, "हिला काय कळतंय!" एकच गलका झाला. अण्णा फक्त उभे राहिले. सगळे गप खाली बसले.

"सभापती उभं राहिलं की बाकीच्यांनी बसायचं," शेजारचे आजोबा माझ्या कानात पुटपुटले. "मुंबईचा नेम हाय. अण्णांनी हितं लावलाय."

"बबन, तुझं वाक्य कामकाजातून काढलं," अण्णा म्हणाले. "सखूबाई, बोला."

"टमाटं मेलं तर पुढल्या साली लावाल," त्या म्हणाल्या. "आमची लेकरं काय प्यायची?"

हात वर झाले, मोजले, तर दोन्हीकडे सारखेच. अण्णांनी तोवर मत दिलंच नव्हतं. सभापती ते बरोबरी झाल्यावरच देतो.

"बहुमत नसताना खुर्चीनं चालू व्यवस्था मोडायची नसती. वस्तीला पाणी जात व्हतं, ते जाईल."

बबनराव ताडकन उठून गेले.

"जड गेलं नाही?" मी नंतर विचारलं.

"गेलं की. भाऊ हाय माझा."

मला फाट्यावर सोडायला मोटारसायकल घेऊन आले ते बबनरावच. वाटेत म्हणाले, "लई राग आलाय, ताई. पन पुढल्या बैठकीलाबी खुर्चीत दादालाच बसवनार."

"का हो?"

"हरवतो, पन आधी पुरतं ऐकून घेतो. दुसरा कुनी असता तर मला बोलूच दिलं नसतं."

घरी आल्यावर धड्यातली वाक्यं पुन्हा वाचली: शिस्त राखणे, बोलण्याची संधी देणे, शब्द वगळणे, निर्णायक मत. सगळं बरोबरच आहे. पण हे अधिकार कुणाच्या हाती शोभतात, ते मला हरलेल्या माणसाने सांगितलं.